प्रबंध आणि पाहुणचार

यंदा आवकायच्या मोसमात माझ्या घरी एकाही शेजाऱ्याकडून लोणच्याची वाटी आली नाही. विशाखापट्टणात बहिष्कार याहून वेगळा नसतो. घरोघरी कैऱ्या फुटल्या, मोहरी कुटली गेली, जिन्यातून तिळाच्या तेलाचा वास खाली उतरला, आणि माझ्या पानात अजून गेल्या वर्षीचं, बरणीच्या तळाशी गेलेलं लोणचं आहे. मी लिफ्टमध्ये शिरलो की आतल्या मंडळींना एकदम आठवतं, की जिना उतरणं तब्येतीला चांगलं असतं.

गुन्हा काय, तर शेजाऱ्यांनी जग बघावं म्हणून मी धडपडलो. जग म्हणजे फार लांबचं नव्हे. आमच्या डोक्यावरच, चौथ्या मजल्यावर होतं.

चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट माझ्या मुलाचा. मुलगा न्यू जर्सीत. तो फ्लॅट मी मुलुगेता नावाच्या इथिओपियाच्या प्राध्यापकांना भाड्यानं दिला होता. मातीचा विषय. इथल्या विद्यापीठात डॉक्टरेट करायला आले होते, सोबत बायको, त्सेहाय. इथिओपियाची माणसं आमच्या गावाला नवी नाहीत. विद्यापीठाजवळच्या वॉल्टेर भागातल्या भाजीवाल्या त्यांच्याशी घासाघीस करताना त्यांच्याच भाषेत आकडे म्हणतात. पण भाजीवाल्यांना जे जमतं ते आमच्या इमारतीतल्या सुशिक्षित लोकांना जमेलच असं नाही. मुलुगेतांचे चार अध्याय झाले होते, दोन राहिले होते. पावसाळ्याआधी त्यांची रजा संपत होती. तोवर प्रबंध गेला नाही, तर पदवी नाही आणि परत गेल्यावर नोकरीही नाही. घर देताना मी त्यांना शब्द दिला होता, की इथे तुम्हाला कोणी त्रास देणार नाही, निवांत लिहा.

पहिली कुरबुर केली सेक्रेटरी सन्यासीरावगारूंनी. 'गारू' म्हणजे आमच्याकडचं 'साहेब'. हे निवृत्त शाळा तपासनीस. निवृत्त झाले तेव्हा शाळा सुटल्या आणि इमारत सापडली. त्यांचं म्हणणं, वरून वास येतो. आंबलेल्या पिठाचा, तिखटाचा, आणि दुपारी तर धुराचा. धूर कशाचा म्हणून मी वर जाऊन आलो, तर त्सेहाय कॉफीच्या हिरव्या बिया भाजत होती. पीठ त्यांच्या इंजेराचं; इंजेरा म्हणजे परातीएवढा आंबट डोसा. आमच्याकडे घरोघरी डोशाचं पीठ आंबतंच, पण ते आपलं असल्यामुळे त्याला वास येत नाही.

वार्षिक सभेत ठराव आला: परदेशी भाडेकरू नकोत. हा ठराव मांडणाऱ्या सन्यासीरावगारूंचा मुलगा डॅलसला भाड्याच्या घरात राहतो. हिंगाच्या फोडणीवरून त्याच्या घरमालकानं त्याला घर सोडायला लावलं, ही गोष्ट सन्यासीरावगारू डोळ्यांत पाणी आणून सांगतात. मी हळूच आठवण करून दिली. ते म्हणाले, "ते वेगळं. हिंगाला वास नसतो, सुवास असतो."

मी उभा राहिलो. बंदराच्या कचेरीत तीस वर्षं कारकुनी केल्यावर माणसाला एक गोष्ट येते, ती म्हणजे ठराव लांबणीवर टाकणं. मी म्हटलं, आधी ओळख, मग ठराव. आपल्याच गावात जगभरची माणसं येऊन राहिली आहेत, त्यांची खाणावळ, त्यांची रीत आपण पाहिलेलीसुद्धा नाही. तीन रविवार काढू, एकेका देशाचं जेवून बघू, मग उगादी झाली की मतदान. सन्यासीरावगारूंना कल्पना पटली नाही, पण तिला 'अभ्यासदौरा' म्हणता येईल हे लक्षात आल्यावर पटली. शेवटी दौऱ्यात ते, दातांचे डॉक्टर पैडिराजू, पहिल्या मजल्यावरच्या मंगतायारुमावशी आणि आम्ही नवराबायको असे निघालो. मंगतायारुमावशी कडक सोवळ्याच्या. त्यांचं मत पडेल तिकडे इमारतीतल्या बायकांची मतं पडतात, म्हणून त्यांना नेणं भाग होतं.

माझी बायको कामेश्वरी निघतानाच म्हणाली, "अहो, ज्यांना खालच्या मजल्यावरचं सांबार चालत नाही, त्यांना तुम्ही जग खायला घालणार?" तिच्या अशा बोलण्याकडे मी लक्ष देत नाही. द्यायला हवं होतं.

पहिला रविवार इटलीचा. समुद्राकाठच्या रस्त्यावर एक नवीन हॉटेल निघालं होतं. आमच्या माणसांना चिंचेच्या भाताशिवाय घराबाहेर पडता येत नाही. देवळात जायचं असो, दवाखान्यात, की इटलीत, पुलिहोऱ्याचा डबा बरोबर हवाच. मंगतायारुमावशींनी तो टेबलावर उघडला. बाहेरचं खाणं चालणार नाही, असं व्यवस्थापक नम्रपणे म्हणाला. त्यावर मावशी त्याला म्हणाल्या, की हे बाहेरचं नाही, घरचं आहे, बाहेरचं तर तू देतोयस. पिझ्झा आला, त्यावर सगळ्यांनी घरून आणलेलं गोंगुरा, म्हणजे अंबाडीचं लोणचं लावून घेतलं, आणि इथवर सगळं बरं चाललं होतं. मग मावशींनी दही मागितलं. दहीभाताशिवाय जेवण संपत नाही. वेटर म्हणाला, दही नाही. मावशींना राग आला नाही, त्यांना खरंच कुतूहल वाटलं. "मग यांच्या देशात जेवण संपलं हे कळतं कसं?"

वेटर तरुण आणि भला होता. आत जाऊन तो वाटीभर पांढरं काहीतरी घेऊन आला. मावशींनी ते भातात कालवलं, दोन घास खाल्ले, जरा गुळचट आहे म्हणाल्या. डॉक्टर पैडिराजूंनी वाटीत बोट बुडवून चाखलं आणि आनंदानं सांगितलं, की वा, अंड्याचं आहे, छान फेटलंय. त्यानंतरचं मी लिहीत नाही. त्या दिवशी माझ्या गाडीनं मावशींना आधी घरी आंघोळीला, मग सिंहाचलमच्या देवळात, मग पुन्हा घरी आंघोळीला नेलं, एवढं सांगितलं तरी पुरे. गाडीत त्या माझ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत. देवाशी मात्र माझ्याविषयी बोलल्या, मला ऐकू जाईल असं.

दुसरा रविवार कोरियाचा. बंदरात जहाजदुरुस्तीला कोरियाचे लोक येतात, त्यांच्यासाठी एका गल्लीत छोटं हॉटेल आहे. तिथे जमिनीवर बसायचं, आणि मधल्या शेगडीवर आपल्या भाज्या आपणच भाजायच्या. सन्यासीरावगारूंचा पहिला आक्षेप, की पैसे देऊन स्वैपाक आपणच करायचा, तर मग हॉटेल म्हणजे नेमकं काय? दुसरा आक्षेप त्यांना घेता आला नाही, कारण उठताना त्यांचा गुडघा अडकला. हॉटेलचा मालक, आचारी आणि दोन कोरियन खलाशी अशा चौघांनी त्यांना बसल्या अवस्थेतच उचलून रिक्षात ठेवलं. चार परदेशी माणसांनी त्यांची एवढी सेवा केली, याचा त्यांच्या मतावर काही परिणाम होईल असं मला वाटलं होतं. झाला. परदेशी भाडेकरू तर नकोतच, शिवाय मलाही सोसायटीच्या समितीतून काढावं, अशी पुरवणी ठरावाला जोडली गेली.

आता एकच रविवार हातात होता. मी वर गेलो आणि मुलुगेतांना म्हणालो, की तुम्हीच आमच्या गच्चीवर जेवण करा. ते टेबलावर मातीच्या नमुन्यांचे तक्ते पसरून बसले होते. एक दिवस मोडणार होता. ते म्हणाले, "सार, एका दिवसानं घर राहत असेल तर एक दिवस स्वस्त आहे."

आणि नेमका त्यांचा मोठा उपास चालू होता. दोन महिन्यांच्या आसपास चालतो. मांस नाही, अंडं नाही, आणि दूध-दही-तूपसुद्धा नाही. मी हे ऐकलं आणि नोकरीत बढती मिळाली तेव्हासुद्धा उतरलो नव्हतो इतक्या वेगानं जिना उतरून मंगतायारुमावशींना सांगितलं. त्यांच्या एकादशीला दूध चालतं. मग म्हणाल्या, "तूप पण नाही? मग येते. पण पान वेगळं."

सन्यासीरावगारूंनी फाटा फोडला. यजमान परदेशी, म्हणजे वरून परवानगी हवी. मी वॉर्डाच्या कचेरीत गेलो. कारकून म्हणाला, आंतरराष्ट्रीय असेल तर आमच्याकडे येत नाही, मोठ्या कचेरीत जा. मोठ्या कचेरीत म्हणाले, माणूस परदेशी आहे की जेवण? मी म्हटलं, माणूस परदेशी, डाळ इथलीच. मग आरोग्य खात्यात जा म्हणाले. आरोग्य खात्यानं विचारलं, कोणी आजारी पडलं आहे का? मी म्हटलं, अजून नाही. मग पडल्यावर या म्हणाले. शेवटी मी पुन्हा वॉर्डात जाऊन कार्तिकातल्या वनभोजनासाठी अर्ज केला. फाल्गुन चालू होता. कारकुनानं चष्मा वर केला. मी म्हटलं, कार्तिकात वादळामुळे राहून गेलं. राहून गेलेलं काम म्हटल्यावर त्याचा चेहरा खुलला आणि त्यानं लगेच शिक्का मारला.

तो रविवार, काय सांगू, माझ्या आयुष्यातला चांगला रविवार होता. एका मोठ्या इंजेरावरून सगळ्यांनी खायची त्यांची रीत. ती त्सेहायनं आमच्या उष्ट्याखरकट्यासाठी बाजूला ठेवली आणि प्रत्येकाला केळीचं पान मांडलं. मसूर, हिरव्या पाल्याची भाजी, आणि बेसनासारख्या पिठाचं एक झणझणीत कालवण. सन्यासीरावगारूंनी ते चाखलं, पुन्हा चाखलं, आणि तपासणीच्या सुरात विचारलं, की ही पाककृती तुम्ही गुंटूरवरून घेतली का. मी निवांत होऊन घरून आणलेलं ताक प्यायला बसलो.

आणि त्सेहाय उठली. तिनं इंजेराचा तुकडा मोडला, त्यात मसूर गुंडाळला आणि सरळ मंगतायारुमावशींच्या तोंडापाशी नेला. माझा जीव गेला. मुलुगेतांनी माझ्या कानात सांगितलं, की ज्याला मान द्यायचा त्याला आपल्या हातानं घास द्यायचा, ही आमची रीत आहे, आणि एक घास देऊन थांबत नाहीत, तीन देतात. नाकारला तर? मुलुगेता म्हणाले, नाकारत नाहीत. मी मध्ये पडून तो घास स्वतः खायचा विचार केला. तेवढ्यात कामेश्वरीनं माझा सदरा मागून धरला.

मावशींनी त्या हाताकडे पाहिलं. त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा सिएटलला, सून तिकडची. त्यांच्या सोवळ्यामुळे त्यांच्या पानाला कोणी हात लावत नाही, आणि लावायला कोणी नसतंही. त्यांनी तोंड उघडलं. पहिला घास खाल्ला, दुसरा खाल्ला, तिसऱ्याला त्या रडायला लागल्या. "आईनंतर कोणी भरवलं नव्हतं गं," असं त्या तेलुगूत म्हणाल्या, आणि त्सेहायला ते सगळं कळलं, कारण ती रोज दुपारी आमच्या मालिका बघून तेलुगू शिकत होती. मग सन्यासीरावगारूंनी नंबर लावून घास खाल्ला. डॉक्टर पैडिराजूंनी तर दोनदा नंबर लावला. उगादीच्या सभेत ठराव मागे घेतला गेला, आणि माझ्या अभिनंदनाचा ठराव टाळ्यांच्या गजरात झाला. माझं अभिनंदन झालेलं ते पहिलंच. तिथेच मी हार्ट अटॅकनं गेलो असतो तर बरं झालं असतं.

कारण दुसऱ्या दिवशी मंगतायारुमावशी डबाभर कडीपत्त्याची चटणी घेऊन वर गेल्या. डबा रिकामा परत करायचा नाही, हे इथिओपियातही असतं, असं निघालं. डबा भरून खाली आला. तो मावशींना रिकामा वर पाठवता येईना. हा डबा पुढे दीड महिना थांबला नाही. आणि नुसता डबा देऊन परतणं त्सेहायला मान्य नव्हतं. दारात आलेल्याला कॉफी द्यायची, तीही त्यांच्या पद्धतीनं: बिया समोर भाजायच्या, धूर पाहुण्याच्या नाकाशी फिरवायचा, कुटायच्या, उकळायच्या, आणि तीन फेऱ्या द्यायच्या. तिसरी फेरी घेतल्याशिवाय पाहुण्यानं उठायचं नाही. आमच्या लोकांना उठायची घाई कधीच नव्हती. पूर्वी ते चौथ्या मजल्यावरच्या धुराची तक्रार करायचे, आता धूर दिसला की चपला घालायचे.

सकाळी मावशी आणि त्यांच्या भजनाच्या बायका. दुपारी मालिका बघायला कामेश्वरीसह खालचा मजला. संध्याकाळी पुरुष. मुलुगेतांची लिहायची खोली म्हणजे त्या फ्लॅटचा पुढचा हॉल, कारण मागच्या खोलीत माझ्या मुलाचं सामान कुलपात आहे. मी घाबरलो. प्रत्येकाला गाठून सांगितलं, की त्यांना प्रबंध लिहायचा आहे, वेळ थोडा आहे, जरा दया करा. ही माझी सगळ्यात मोठी चूक. त्यांना दया आली.

सन्यासीरावगारू लाल पेन घेऊन वर गेले आणि झालेले चार अध्याय तपासू लागले. त्यांनी पहिल्या अध्यायाला 'समाधानकारक' शेरा दिला आणि हस्ताक्षर सुधारा असं लिहिलं. प्रबंध संगणकावर टाइप केलेला होता. डॉक्टर पैडिराजूंना मातीत रस वाटायला लागला, ते आपल्या भीमिलीच्या जमिनीतली माती पिशवीतून आणून इथे नारळ होईल का म्हणून विचारू लागले. मावशींनी प्रबंध निर्विघ्न व्हावा म्हणून त्याच हॉलमध्ये सरस्वतीची पूजा मांडली. अखंड. तिचा नंदादीप मुलुगेतांच्या टेबलावर, कारण ती दिशा योग्य होती. तक्ते त्यांना गुंडाळून पलंगाखाली ठेवावे लागले.

मी दारावर पाटी लावली: 'लेखन चालू आहे'. लोक ती वाचून हळूच, चपला हातात घेऊन आत जायला लागले.

एका सकाळी मुलुगेता माझ्याकडे आले. डोळे लाल, दाढी वाढलेली. खुर्चीच्या कडेवर बसले. कामेश्वरी कॉफी आणायला उठली, तर त्यांनी दोन्ही हात जोडले.

"सोमयाजुलुगारू, आम्ही घर सोडतोय."

मी विचारलं, कोणी काही बोललं का? सन्यासीरावगारू? पुन्हा ठराव?

"नाही सार. सगळे फार प्रेमानं वागतात. ठराव असता तर मी त्याच्याविरुद्ध अर्ज केला असता."

"मी सांगतो सगळ्यांना. एकदा स्पष्टच सांगतो."

"तुम्ही सांगितलंत की ते जास्त येतात," ते म्हणाले. "आणि त्सेहाय दार बंद ठेवू शकत नाही. आमच्यात ते होत नाही. ती थकून रडते, पण घंटा वाजली की बिया काढते. याआधी आम्ही ज्या इमारतीत होतो, तिथे दोन वर्षांत आमच्याशी कोणी एक शब्द बोललं नाही. सार, माझे चारही अध्याय तिथे झाले."

खोटं कशाला सांगू, मलाही रडू आलं. तो माणूस मला शेवटपर्यंत सारच म्हणत होता, हे तर आणखीच लागलं.

त्यांचं सामान निघालं त्या दिवशी सगळी इमारत खाली उतरली होती. मावशी त्सेहायच्या गळ्यात पडल्या, ओटी भरली, कुंकू लावलं. सन्यासीरावगारूंनी भाषण केलं आणि त्यात परदेशी पाहुण्यांना कसं वागवावं याबद्दल, माझ्याकडे बघत, चार शब्द सांगितले. टेम्पो कोपऱ्यावर वळला आणि सगळे माझ्याकडे वळले. घरमालक मी. म्हणजे मीच भाडं वाढवलं असणार, किंवा पाणी बंद केलं असणार, किंवा मुळात माझ्या मनातच त्यांच्याविषयी अढी होती आणि ते सगळे दौरे म्हणजे नाटक होतं. मावशी म्हणाल्या, "इतकी गुणी पोर, हिनं काय मागितलं होतं तुमच्याकडे?" खरं कारण मी सांगितलं नाही. मी मोठ्या मनाचा आहे म्हणून नव्हे. दोघांना सांगून बघितलं होतं. दोघेही हसले, आणि एवढं खोटं बोलायला लाज कशी वाटत नाही म्हणून विचारलं.

आता सगळ्यांना त्यांचा नवा पत्ता हवा आहे. डबे भरून तयार आहेत. डॉक्टर पैडिराजू तर मातीची दुसरी पिशवी घेऊन दोनदा दारात येऊन गेले. पत्ता फक्त माझ्याकडे आहे, आणि तो मी देत नाही, म्हणून हा बहिष्कार. कामेश्वरीसुद्धा बोलताना सांभाळून बोलते. परवा म्हणाली, "निदान आपण दोघं तरी जाऊन येऊ. तुम्हाला ते नाही म्हणणार नाहीत."

टेम्पो सुटायच्या आधी मुलुगेतांनी तो पत्ता माझ्या हातात दिला होता. हात घट्ट धरून म्हणाले, की हा कोणालाही देऊ नका, पण तुम्ही मात्र यायचं. मी विचारलं, कधी येऊ? ते म्हणाले, तोंडी परीक्षा झाल्यावर.

परीक्षा कधी आहे, हे त्यांनी मला सांगितलेलं नाही.